श्रावणातलं अंडं

लातूरच्या दवाखान्यात आहार सांगणाऱ्या एक मॅडम बसायच्या. माझ्या मालकांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, दोन्ही किडन्या गेल्यावर आणि आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायला जाणं सुरू झाल्यावर मॅडमनी आम्हा दोघांना समोर बसवून काय खायचं नाही ते सांगितलं. केळी बंद. नारळपाणी बंद. शेंगदाण्याची चटणी बंद. डाळ घट्ट नको, वाटीभर पातळ. पालेभाजी उकळून पाणी ओतून द्यायचं आणि मग फोडणी. दूध अर्धा कप. मीठ नावाला. पाणीसुद्धा मोजून. मी ऐकत गेले आणि मनात आमच्या स्वयंपाकघरातली एकेक बरणी बंद होत गेली. आम्ही ज्याच्यावर जगत होतो ते सगळं त्यांनी काढून घेतलं, आणि त्याच्या जागी एकच वस्तू दिली, जी आमच्या घरात कधी आली नव्हती.

"रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग," त्या म्हणाल्या.

मालक हसले. म्हणाले, "मॅडम, आमी लिंगायत हाव."

मॅडमला ते नवीन नसावं. आमच्या भागात अर्धे पेशंट तेच सांगत असतील. त्यांनी रागावल्यासारखं काही केलं नाही. मशीन रक्तातली घाण काढतं तेव्हा तिच्याबरोबर चांगली वस्तूही थोडी निघून जाते, असं त्यांनी समजावलं. ती वस्तू म्हणजे प्रोटीन. ती कमी झाली की दंड वाळतात, पायांवर पाणी चढतं, जखम भरत नाही, साधा ताप आला तरी माणूस उठत नाही. डाळीत प्रोटीन आहे, पण डाळीबरोबर किडनीला नको ते क्षारही येतात. दुधाचं, पनीरचं तेच. अंड्याच्या पांढऱ्यात ते क्षार कमी आणि प्रोटीन असं की शरीर जवळजवळ सगळं घेतं, वाया घालवत नाही. पिवळा मात्र यांना नको, त्याने अंगाला खाज सुटेल. बाकीच्यांना पिवळाही चांगला, लेकरांना, गरोदर बाईला, डोळ्यांना, नसांना.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. आदल्या खेपेला मला दवाखान्याच्या पायरीवर चक्कर आली होती आणि तिथल्या सिस्टरने माझंही रक्त घेतलं होतं. माझी जीभ लाल व्हायची, तळपायाला मुंग्या यायच्या. मॅडम म्हणाल्या, अंगात बी-बारा नाही, नुसता भाजीपाला खाणाऱ्या बायकांत हे नेहमीचं आहे, इंजेक्शनं घ्या आणि तुम्ही अंडं पिवळ्यासकट खा. मी मान खाली घातली. मला चारचौघांत बोलता येत नाही. घरी सगळं आठवतं आणि तिथं तोंडातून शब्द निघत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली, पुढची शाळा दुसऱ्या गावात होती म्हणून राहिली. लिहायला मात्र मला आवडतं, कारण लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही.

निलंग्याच्या एसटीत मालक खिडकीशी बसले होते. मी हळूच म्हटलं, औषध म्हणून घ्यायला काय हरकत आहे. ते म्हणाले, "गळ्यात लिंग हाय." एवढंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्यात लेकरू जन्मलं की काही दिवसांत त्याच्या गळ्यात लिंग बांधतात. चांदीच्या डबीत ते छातीवर असतं, बाईच्याही, बाप्याच्याही. मरेपर्यंत ते अंगावरून उतरत नाही. मालक रोज अंघोळ करून डाव्या तळहातावर लिंग ठेवायचे, भस्म, बेलाचं पान, पाणी, आणि ती पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घ्यायचे नाहीत. दवाखान्यात भरती असतानाही त्यांनी ते सोडलं नाही. जो देव अंगावर आहे त्याच्यादेखत अंडं खायचं, हे त्यांना जमणारं नव्हतं, आणि त्यांना जमत नाही हे मला समजत होतं.

घरी आम्ही तिघं. मालक, मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. मालक आईला अव्वा म्हणायचे, कर्नाटक जवळ असल्याने आमच्याकडे अशी हाक असते. घराला लागूनच पिठाची गिरणी, तीच आमची रोजी. मुलगी मुरुडकडे दिलेली. सासूबाईंचं सोवळं असं की लसूणसुद्धा सोमवारी घरात शिजायचा नाही. मी त्यांना मॅडमचं बोलणं सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आमच्या घरच्या स्वामींना, म्हणजे जंगम गुरूंना, बोलावलं. स्वामी वयस्कर, मऊ बोलणारे. ते म्हणाले, शरीर टिकलं तर पूजा टिकेल, औषध म्हणून घ्यायला दोष नाही, लिंग उतरवायचीही गरज नाही.

मला वाटलं, सुटलो. पण स्वामी गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "श्रावण तोंडावर आलाय. एवढा महिना होऊ दे. पोळा झाला की चालू कर." मालकांनी लगेच मान डोलवली. त्यांनाही मुदत हवीच होती.

एक महिना म्हणजे काय, असं आम्हाला वाटलं. घर रंगवायचं, कपडा घ्यायचा, लग्नाची बोलणी करायची, सगळं आम्ही असंच एखाद्या महिन्याच्या पलीकडे टाकत आलो होतो. दुखण्याला महिना कळत नाही हे आमच्या डोक्यात आलं नाही. त्या महिन्यात उलट सोमवारचे उपासही धरले. शेंगदाणे चालत नाहीत, त्यांच्याशिवाय साबुदाणा जात नाही, तर मालक नुसत्या भगरीवर राहायचे. मी दवाखान्यातून प्रोटीनच्या पावडरीचा डबा आणला होता. तिच्या वासाने त्यांना उलटी व्हायची. दोन-तीनदा प्रयत्न करून त्यांनी तो डबा बाजूला सारला.

श्रावण निम्मा होईपर्यंत त्यांचे दंड माझ्या मनगटाएवढे झाले. पाय मात्र सुजलेले, बोट दाबलं तर खड्डा तसाच राहायचा. छातीची हाडं वर आली आणि त्यांच्यावर ती डबी पडून तिचा वळ उमटायचा. एक दिवस गिरणीत पट्टा चढवताना ते खाली बसले ते उठलेच नाहीत. शेजारच्यांनी उचलून गाडीत घातलं. लातूरला त्यांना भरती करून बाटल्या लावल्या. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, अंडी चालू केली होती ना? मालक म्हणाले, श्रावण चालू आहे. डॉक्टर रिपोर्ट मिटून दुसऱ्या पेशंटकडे गेले. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

मशीनच्या खोलीत मालकांच्या शेजारच्या खाटेवर एक मुसलमान गृहस्थ असायचे, उदगीरकडचे. त्यांची बायको मशीन चालू असतानाच त्यांना डब्यातून अंडं भरवायची. पिवळं काढून स्वतःच्या तोंडात टाकायची आणि पांढरं त्यांच्या. तिला बोलायला लागायचंच. मी बोलत नाही म्हणून तिला माझी जास्तच दया यायची. एकदा बाहेरच्या बाकावर तिने मला धरलं. मी कसंबसं विचारलं, हे उकडायचं कसं?

ती हसायला लागली. "या अल्ला. भाभी, पाणी उकळायला येतंय ना तुला? मग झालं की."

"किती वेळ?"

"तुझ्या सासूच्या शिव्या संपेपर्यंत," ती म्हणाली, आणि आपल्याच बोलण्यावर पोट धरून हसली. मग मात्र तिने नीट सांगितलं. थंड पाण्यात सोडायचं, उकळी आल्यावर भात शिजतो त्याच्या निम्मा वेळ ठेवायचं, लगेच गार पाण्यात टाकायचं, म्हणजे टरफल सुटतं. पाण्यात टाकल्यावर आडवं बसलं तर ताजं, तरंगलं तर फेकून द्यायचं. माझ्या जन्मात मला स्वयंपाक शिकवावा लागला तो तेवढाच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी अंडं आमच्याकडे आलं. गावात घ्यायची सोय नव्हती, दुकानदाराने तासाभरात गावभर केलं असतं. मी निलंग्यातून घेतली आणि स्टीलच्या डब्यात गव्हाच्या कोंड्यात पुरून एसटीने आणली. सासूबाईंनी नियम सांगितले. घरातला गॅस नाही, घरातलं भांडं नाही, घरातला चमचा नाही. मागच्या अंगणात, जिथं आधी जनावरं बांधायचो, तिथं मी तीन दगड मांडले. एक जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं घेतलं, ते भिंतीबाहेर खिळ्याला टांगायचं. उकडून झालं की मी अंघोळ करूनच स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं. म्हणजे रोज दोन अंघोळी. थंडीत माझी बोटं निळी पडायची.

पहिल्या दिवशी मला त्या अंड्याला हात लावायची भीती वाटली. ते हातात घेतल्यावर थंड, जड आणि आतून काहीतरी हलल्यासारखं वाटलं. एक तडकलं आणि पांढरा फेस पाण्यात पसरला. दुसरं नीट झालं. पिवळा काढून मी कुत्र्याला घातला. मॅडमनी मला खा म्हटलं होतं ते आठवलं, पण माझं मन झालं नाही.

मालक मागच्या दारात खुर्चीवर बसले होते. त्यांनी सदऱ्यात हात घातला आणि गळ्यातला दोरा फिरवून डबी छातीवरून पाठीवर नेली. दोन खांद्यांच्या मध्ये, सदऱ्याच्या आत. मग डोळे मिटून त्यांनी तो पांढरा तुकडा तोंडात टाकला. चावला, गिळला आणि लगेच उलटी झाली. त्यांनी तोंड धुतलं, भस्म लावलं, तसेच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी परत डबी पाठीवर गेली. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मिरपूड लावून ते पोटात राहायला लागलं. जेवण झालं की ते डबी पुढे घ्यायचे आणि तिच्यावर हात ठेवून बसायचे. त्या वेळी मी तिथं थांबत नसे.

टरफलं मी मातीत पुरायचे, पण कुत्र्याने उकरली आणि गावाला कळलं. एक बाई दळण घेऊन आली ती दारातच थांबली आणि म्हणाली, "ज्वारीच दळता नव्हं अजून?" पाठीमागच्या बायका पदराआड हसल्या. काहींनी दळण दुसरीकडे न्यायला सुरुवात केली. मला वाटलं, सासूबाई आता हे सगळं बंद करायला लावतील. त्यांनी तसं काही केलं नाही. कारण तोवर मालकांच्या चेहऱ्यावर मांस दिसायला लागलं होतं.

दिवाळीपर्यंत पायांची सूज निम्म्याने उतरली. रिपोर्टमध्ये प्रोटीन वर आलं. मशीनवर झटके यायचे ते कमी झाले. मालक गिरणीत बसून दळण घ्यायला लागले, जिना न थांबता चढायला लागले. शेजारच्या खाटेवरचे उदगीरचे गृहस्थ त्यांना चिडवायचे, तुम्ही आमच्यातले झालात म्हणायचे. मालकांना राग येत नसे. अंड्याने किडनी बरी होत नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. त्याने माणूस मशीन सोसण्याइतका उभा राहतो, एवढंच. आम्हाला तेवढंच हवं होतं.

सासूबाई अंड्याला कधी अंडं म्हणाल्या नाहीत. मी मागून आले की आतूनच विचारायच्या, "ते झालं का?" मी हो म्हणायचे. एखाद्या दिवशी निलंग्याला जाणं जमलं नाही तर त्या अस्वस्थ व्हायच्या, दारात येऊन बघायच्या. कोंड्यातला डबा हलवून आत किती आहेत याचा अंदाज घेताना मी त्यांना एकदा पाहिलं. मला बघून त्यांनी हात पदराला पुसले.

आषाढात मालकांच्या हाताची शीर बंद पडली. मशीनची सुई तिथंच लावायची असते. मानेत नळी घालावी लागली, तिथं पू झाला, ताप आला. ते पुन्हा खालावले. डॉक्टर आता आमच्याशी बोलताना खुर्ची जवळ ओढून घ्यायचे, त्यावरून मला समजायचं. मालकांना माझ्याआधी समजलं असावं. श्रावण लागायच्या आदल्या दिवशी मी मागच्या दारात खुर्ची ठेवली तेव्हा ते आले नाहीत. आत अंथरुणावर बसूनच म्हणाले, उद्यापासून ते नको.

मी त्यांच्याशी लग्नापासून कधी वाद घातला नव्हता. त्या दिवशी घातला. माझा आवाज मला ओळखू येईना. मागच्या श्रावणात काय झालं ते सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, स्वामींनी परवानगी दिली तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मला म्हाईत हाय," ते म्हणाले. "वर्षभर पाठीवर घेऊन खाल्लं. आता एवढा महिना मला माझ्यासारखं राहू दे."

मी मागच्या दारातली खुर्ची उचलून आत आणली.

पहिल्या सोमवारी सकाळी मी नळीचं ड्रेसिंग बदलत होते. सासूबाई स्वयंपाकघरातून आल्या. त्यांच्या हातात आमच्या जेवणाची ताटली होती आणि ताटलीत उकडलेलं अंडं. सोललेलं, पण ठिकठिकाणी टरफलाबरोबर पांढरंही निघून आलेलं, कारण त्यांनी ते गार पाण्यात टाकलं नव्हतं. त्यांना कोण सांगणार? कपाळावर भस्माचे पट्टे होते, पूजा करूनच त्यांनी ते केलं होतं.

मालक ताटलीकडे बघत राहिले. "अव्वा, काय करायलीस हे? कुठं उकडलंस?"

"घरातच. गॅसवर."

"आज सोमवार हाय."

"मला वार सांगू नको. दोष लागला तर मला लागंल. तू खा."

मालकांनी हात जोडले. मग म्हणाले, "गेल्या साली तूच थांबवलंस ना, अव्वा."

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं, पण सासूबाई तिथंच खाली बसल्या. ताटली हातातच होती. मालकांनाही ते बोलल्याचं वाईट वाटलं असणार, कारण ते कष्टाने पुढे सरकले आणि आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुझ्यासाठी न्हाई थांबलो गं. तवा बी न्हाई आन आता बी न्हाई. माझंच मन हाय."

गिरणी बंद होती. सासूबाई रडत नव्हत्या. नंतर त्यांनी ताटली माझ्याकडे सरकवली.

"मग तू खा," त्या मला म्हणाल्या. "अंडं खा. सगळं, पिवळ्यासकट. डॉक्टरीणबाईनं तुला सांगितलं होतं ना. तुला तर जगावं लागंल."

मालक तिथंच बसलेले असताना त्यांनी हे म्हटलं. मी मालकांच्या तोंडाकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, खा म्हणून. मी माझी डबी पाठीवर फिरवली नाही, मला ते सुचलंच नाही. पहिला घास कोरडा होता, पिवळा टाळूला चिकटला. पाणी लागलं.

"कसं लागतंय?" मालकांनी विचारलं. त्यांनी पिवळा कधी खाल्ला नव्हता.

"मीठ न्हाई," मी म्हणाले.

ते हसले. गेल्या काही दिवसांत ते हसले नव्हते.

त्या महिन्यात त्यांनी अंडं खाल्लं नाही. रोज सकाळी तळहातावर लिंग घ्यायचे, हात थरथरायचा म्हणून मी खालून माझा हात लावायचे. पोळा जवळ आला होता तेव्हा मशीनवर असतानाच त्यांचं ब्लडप्रेशर पडलं. डॉक्टर म्हणाले, हृदयाने साथ सोडली. पू, ताप, मानेतली नळी, सगळंच होतं. अंडी चालू असती तर काय झालं असतं, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. सासूबाईंनीही विचारलं नाही. आम्ही दोघी एकमेकींना तो प्रश्न विचारू नये म्हणून खूप दिवस एका खोलीत बसत नव्हतो.

आमच्यात जाळत नाहीत. बसवून माती देतात. स्वामींनी त्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं आणि बोटं मिटवली. दळण बंद केलेल्या घरांतलीही माणसं आली होती.

आता गिरणी मी चालवते. मुंग्या कमी झाल्या आहेत, जिभेची आग गेली आहे, चक्कर येत नाही. मॅडम म्हणाल्या होत्या तसा गुण आला, हे खरं आहे. अंडी गावातल्याच दुकानातून येतात, पिशवीत, झाकल्याशिवाय. सासूबाई दुपारी गिरणीच्या दारात येऊन विचारतात, "अंडं खाल्लंस का?" पट्ट्याच्या आवाजात मी मोठ्याने हो म्हणते. काही दिवस खाल्लेलं असतं, काही दिवस घशाखाली उतरत नाही. त्या दोन्ही वेळा मान डोलवतात आणि आत जातात.